दोरीला झोल पडल्यावर पतंग काय करतो?

मित्रहो, काइटसर्फिंगसाठी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवरून पाण्यावर धावण्याच्या खेळासाठी, पतंग घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा ओढीबद्दल विचारतो. हा किती ओढतो, किती वाऱ्यात उचलतो, उडी किती उंच जाते? सपाट पाण्यावर हे प्रश्न योग्यच आहेत. पण लाटांवर जायचं असेल, तर आधी एक वेगळा प्रश्न विचारा: दोऱ्यांना झोल पडला की हा पतंग काय करतो? आज मी बहुतेक याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. लाटांसाठी पतंग निवडताना बाकीच्या बऱ्याच गोष्टी शेवटी इथेच येऊन पोचतात, असं माझं ठाम मत आहे.

मी लाटांवर जायला लागले तेव्हा माझ्याकडे उड्यांसाठी घेतलेला पतंग होता. लांब आणि अरुंद, वाऱ्यावर चढायला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरपं जायला, फार छान. एका संध्याकाळी खांद्याएवढ्या लाटेवर उतरले. लाटेने मला उचललं आणि वेगाने पतंगाच्याच दिशेने नेलं. दोऱ्या सैल पडल्या. पतंग डोक्यावर आला, तिथून वाऱ्याच्या तोंडाकडे निसटला, त्याने नाक खाली घातलं आणि घडी पडावी तसा दुमडून पाण्यात कोसळला. मागची लाट माझ्यावर फुटली, तिच्यामागची पतंगावर. पतंगाच्या पुढच्या कडेची फुगीर नळी शिवणीवर उसवली आणि एका दोरीचा वेढा माझ्या पोटरीला बसला. वेढा सुटला म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. त्या पतंगात काहीच खोट नव्हती. तो ज्या कामासाठी बनवला होता ते काम मी त्याला देत नव्हते.

आता असं का होतं ते पाहू. वारा 20 नॉट आहे असं धरा. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. तुम्ही वाऱ्याला आडवे जाता तेव्हा दोऱ्या ताणलेल्या असतात आणि पतंग त्या ताणावर उडतो. पण लाटेवर उतरून तुम्ही वाऱ्याच्याच दिशेने 10 नॉटने निघालात, तर तुम्हाला आणि तुमच्याबरोबर सरकणाऱ्या पतंगाला उरलेला वारा फक्त 10 नॉट. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे वेग निम्मा झाला की ओढ चौथाईवर येते. आणि 10 नॉट हा वेग काही फार नाही. दोन मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण साडेचार मीटर, म्हणजे साडेआठ नॉटच्या आसपास धावते. लाटेच्या उतारावरून तिरपा जाणारा माणूस खुद्द लाटेपेक्षाही वेगात असतो. तेव्हा चांगली लाट मिळाली की पतंगाची ओढ कमी होणारच. सर्फिंगचा आनंदही नेमका त्याच वेळी असतो, कारण तेव्हा तुम्हाला लाट नेत असते, पतंग नाही.

ओढ संपली की पतंगापुढे तीन वाटा असतात. पहिली, माझ्या पतंगाने घेतली ती: पुढे निसटायचं आणि नाक घालून पडायचं. दुसरी वाट मागे पडायची. मागच्या, म्हणजे पतंगाच्या दोन टोकांना जोडलेल्या, दोऱ्या जास्त खेचलेल्या असतील तर पतंग वाऱ्यापुढे फार उभा राहतो, हवा कापडाला धरून वाहायची थांबते आणि तो शेपटीच्या बाजूने मागे सरकत पाण्यावर येतो. तिसरी वाट आपल्याला हवी असते. पतंग जागच्या जागी तोंड न वळवता, वाळलेलं पान वाऱ्यावर जावं तसा, तुमच्या पुढे पुढे वाहत जातो. पतंगबाज ज्याला ढील म्हणतात ती इथे तुम्ही हाताने देत नाही, लाटच देते, आणि पतंगाला ती पचवावी लागते. काइटसर्फिंगमध्ये या गुणाला ड्रिफ्ट म्हणतात.

ड्रिफ्ट येतो कुठून? बऱ्याच अंशी आकारातून. लांब, अरुंद पतंग, म्हणजे ज्यांचा आस्पेक्ट रेशो जास्त असतो ते, हवेत पुढे धावतात. म्हणूनच ते वाऱ्यावर चांगले चढतात आणि उडीत तरंगतात. लाटांचे पतंग त्यामानाने आखूड, रुंद आणि टोकांशी जास्त वळलेले असतात. ते वाऱ्यात थोडे मागे, थोडे खोल बसतात. त्यामुळे वाऱ्यावर चढण्यात ते जरा कमी पडतात, आणि ही किंमत मी आनंदाने मोजते. दुसरी गोष्ट वजन. हलका पतंग झोल पडल्यावर जास्त वेळ हवेत राहतो. म्हणून लाटांच्या पतंगांत सहसा तीनच स्ट्रट, म्हणजे कापडाला आकार देणाऱ्या हवा भरलेल्या आडव्या नळ्या, असतात. एकही स्ट्रट नसलेले पतंग त्याहून हलके असतात आणि मंद वाऱ्यात फार गोड वाहतात, पण जोराच्या वाऱ्यात त्यांचं कापड फडफडतं. पाच स्ट्रटचा पतंग आकार घट्ट धरतो, पण वजनाने जड असतो. मला विचाराल तर तीन.

थोडा इतिहासही इथे सांगायला हवा, कारण आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या कुणीतरी झगडून मिळवलेल्या आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डोमिनिक लेगेनू या दोन भावांनी 1984 साली हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट नोंदवलं. पाण्यात पडलेला पतंग पाण्यातूनच पुन्हा उडवता यावा, हाच त्यांचा ध्यास होता. फुगवलेली नळी बुडत नाही आणि पतंगाला आकारही देते. त्यांचे पतंग बाजारात येऊन हा खेळ पसरायला 1990 च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तरी ते सुरुवातीचे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले पतंग बार, म्हणजे पतंग चालवायचा हातातला दांडा, कितीही ढकलला तरी ओढतच राहायचे. 2005 च्या सुमारास ब्रुनो यांच्याच रचनेतून धनुष्याच्या आकाराचे बो पतंग आले आणि बार पुढे ढकलून जवळजवळ सगळी ओढ काढून टाकता येऊ लागली. आजचे लाटांचे पतंग या दोन्ही शोधांवर उभे आहेत.

आता मापाचं बोलू. साधारण 75 किलोच्या माणसाला 20 ते 25 नॉट वाऱ्यात 8 किंवा 9 चौरस मीटरचा पतंग, हा ढोबळ हिशेब. लाटांवर मी त्यातलं लहान माप घेते. सर्फबोर्ड स्वतः थोडा तरंगतो, लाट स्वतः ढकलते, आणि लहान पतंग लवकर वळतो. पण हावरटपणे फार लहान माप घेऊ नका. फुटलेल्या लाटेच्या फेसातून बाहेर यायला, पुढची लाट येण्याआधी तिथून निघायला ओढ लागतेच. ज्या पतंगावर तुम्हाला फेसातून निघता येत नाही तो तुमच्यासाठी लहान आहे, मग तक्ता काहीही सांगो.

दोऱ्यांच्या लांबीबद्दल एवढंच सांगते: 24 मीटरऐवजी 20 ते 22 मीटरच्या दोऱ्या लावल्या तर पतंगाचं वळण जवळचं आणि चटकन होतं, पण ओढ थोडी घटते. एकदा लावून बघा.

चाचणीचं मात्र सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. उसना पतंग घेतात, मस्त वाऱ्यात अर्धा तास फिरतात आणि खूश होऊन परत येतात. मस्त वाऱ्यात कुठलाही पतंग आवडतो. दोन पतंगांची तुलना करायची असेल तर एकाच दिवशी, एकाच मापाचे, एकाच बोर्डवर घ्या. आधी पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. वारा तासाभरात बदलतो. तिसरी फेरी केली नाही तर तुम्ही पतंग तपासला की वारा, हे कळणार नाही. प्रत्येक पतंगाला त्याच्याच कंपनीचा बार लावा, कारण पुढच्या दोऱ्या कुठे वेगळ्या होतात ते प्रत्येकीचं वेगळं असतं. दोघांतही हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच भरा. मऊ राहिलेली नळी झोताबरोबर वाकते आणि चांगल्या पतंगाचीही बदनामी होते.

आणि उडवण्याआधी दोऱ्या मोजा. चारही टोकं एका खुंटीला अडकवा, बार खेचून धरा आणि लांबी सारखी आहे का ते बघा. पुढच्या दोऱ्यांवर जास्त भार असतो, म्हणून वापराने त्या जास्त ताणतात. मग मागच्या दोऱ्या त्यामानाने आखूड पडतात आणि पतंग सतत मागे पडू लागतो. हा पतंग आळशी आहे म्हणून लोक तो परत करतात, आणि दोष असतो दोरीचा.

ड्रिफ्टची चाचणी लाटांशिवायही करता येते. डोक्यावर बारा वाजलेत असं धरून पतंग घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी ठेवा, वेग घ्या आणि सरळ पतंगाकडे वळा. बार ढकलून सोडा. दोऱ्या मध्यभागी लोंबायला लागतील. आता मनात मोजा: एक, दोन, तीन. पतंग त्याच जागी थांबून वाहतोय का? नाक पुढे काढतोय का? आणि दोऱ्या परत ताणल्या की हळुवार धरतो, की हिसका देतो? हिसका देणारा पतंग लाटेच्या उतारावरून तुम्हाला उचलून फेकतो. हे डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी करा, चार-पाच वेळा करा.

दुसरी चाचणी वळणाची. बार पूर्ण ढकललेला असतानाही पतंग वळतो का? काही पतंग बार जवळ ओढल्याशिवाय ऐकतच नाहीत. लाटेवर तुम्ही नेमके बार ढकलून असता आणि तेव्हाच त्याला वळवायचं असतं. शिवाय वळताना तो किती ओढतो ते बघा. लाटांवर मला स्वतःभोवती फिरणारा पतंग हवा. मोठा फेरा घेत मला लाटेवरून बाहेर खेचणारा नको.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत प्रिय आहे. पतंगाकडे बघायचंच नाही. लाटेवर असताना डोळे लाटेवर असतात, असायलाच हवेत. बारमधून हाताला जो दाब जाणवतो त्यावरून पतंग कुठे आहे ते सांगता येतं का? समुद्राकडे बघत पतंग दहाला न्या, मग मान वर करून खातरजमा करा. बार अगदीच हलका असला तर पतंग हरवल्यासारखा होतो, फार जड असला तर तासाभरात हात भरून येतात. ब्रायडलमध्ये, म्हणजे पतंगाच्या कन्नीत, कप्प्या नसतील तर ही जाणीव बहुधा जास्त थेट येते. मागच्या दोऱ्या अडकवायला टोकांशी एकाहून जास्त जागा असतात. दाब पटला नाही तर पतंग नाकारण्याआधी ती जागा बदलून पाहा.

चौथी चाचणी: त्याला मुद्दाम पाण्यात पाडा. फुटणाऱ्या लाटांपासून दूर, मोकळ्या पाण्यात. एक मागची दोरी खेचली की तो टोकावर उभा राहतो का, किती सेकंदांत उठतो? दोन लाटांच्या मध्ये तुम्हाला तेवढाच वेळ मिळणार आहे.

सुटकेची यंत्रणा तर प्रत्येक वेळी, पाण्यात जाण्याआधी, स्वतःच्या हाताने ओढून बघायची. 2020 साली आलेलं आयएसओ 21853 हे मानक याच यंत्रणेसाठी आहे. बार त्याप्रमाणे आहे का ते विचारा. चिकन लूप, म्हणजे बारला कमरेच्या पट्ट्याशी (हार्नेसशी) जोडणारी कडी, सोडल्यावर पतंग एकाच दोरीवर लोंबला पाहिजे आणि त्याची ओढ मेली पाहिजे. हार्नेसला दोरी कापायचा आकडीचा चाकू लावा. माझ्या पोटरीचा वेढा आठवा. आणि बोर्डला पायाची दोरी बांधून पतंगाबरोबर लाटांत जाऊ नका, कारण ताणलेली दोरी बोर्ड सरळ डोक्यावर आणते.

वापरलेला पतंग घेत असाल तर नळी आणि स्ट्रट फुगवून एक रात्र तसेच ठेवा, सकाळी किती हवा उरली ते बघा. कापड चिमटीत चुरगाळा. नव्या कापडाचा करकरीत आवाज गेला असेल, ते रुमालासारखं लोळत असेल, तर ते उन्हाने आणि मिठाने थकलं आहे. कप्प्यांमधून जाणाऱ्या कन्नीच्या दोऱ्या झिजल्यात का ते बोट फिरवून बघा, त्या आधी तुटतात. लाटांत वापरलेल्या पतंगाच्या मागच्या कडेची शिवण पूर्ण तपासा. पाण्याने भरलेला पतंग लाटेत खेचला गेला असेल तर त्याची खूण तिथे राहते.

मघाशी कुणीतरी विचारलं की उड्या आणि लाटा दोन्हींसाठी एकच पतंग चालेल का. चालेल, तुम्ही दहातले आठ दिवस सपाट पाण्यावर असाल तर. उरलेल्या दोन दिवसांत त्याला सांभाळून घ्यावं लागेल. पण आठ दिवस लाटांवर जाणार असाल तर लाटांचा पतंग घ्या आणि उडी थोडी बुटकी झाली तर होऊ द्या. माझ्याकडे आता 7 आणि 9 चौरस मीटरचे दोन आहेत, दोन्ही तीन स्ट्रटचे. 9 चा पतंग मी तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी मरगळलेल्या वाऱ्यात तपासला आणि मगच घेतला. मरगळलेल्या वाऱ्यात दोऱ्या सारख्या सैल पडतात, आणि मला तेच बघायचं होतं.