कोरियन ‘मॉक्ता’ आणि आपले ‘खाणे’

नमस्कार. कोरियन शिकू लागल्यावर अगदी सुरुवातीलाच भेटणारे क्रियापद म्हणजे ‘मॉक्ता’, अर्थात ‘खाणे’. हे क्रियापद मराठी माणसाने इंग्रजीच्या आडवाटेने न शिकता आपल्या ‘खाणे’चे बोट धरून शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी उच्चार. धातू ‘मॉक्’. पुढे स्वर आला की ‘क्’चा ‘ग्’ होतो, म्हणून ‘मॉगॉयो’, म्हणजे ‘खातो’ किंवा ‘खाते’. पुढे ‘न’ आला की त्याच ‘क्’चा ‘ङ्’ होऊन ‘मॉङ्नुन’ ऐकू येते. शाळेत ‘वागीश्वर’ आणि ‘वाङ्निश्चय’ यांचा संधिविग्रह केलेल्यांना हे नियम ओळखीचे वाटतील.

आता अर्थ. ‘योगुल मॉक्ता’ म्हणजे शब्दशः शिव्या खाणे, आणि लाचही कोरियनमध्ये आपल्यासारखीच ‘खाल्ली’ जाते. ‘कॉबुल मॉक्ता’ म्हणजे घाबरणे. शब्दशः ‘भीती खाणे’. आपण भीती खात नाही, पण हाय खातो, कच खातो, त्यामुळे हा प्रयोग मनात चटकन रुजतो. उन्हाळा बाधला तर कोरियन माणूस ‘उष्मा खातो’. त्यावर एक म्हण आहे: उष्मा खाल्लेला बैल चंद्र पाहूनही धापा टाकतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तोच हा अनुभव.

मात्र दोन ठिकाणी मराठीची साथ सुटते. पहिले, ‘माउमुल मॉक्ता’, शब्दशः ‘मन खाणे’. आपल्याकडे मन खाते ते अपराधाच्या जाणिवेने. तिकडे मन खाणे म्हणजे निश्चय करणे. दुसरे, ‘नाइरुल मॉक्ता’, म्हणजे वय खाणे, वय वाढणे. कोरियन नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, तांदळाच्या वड्यांचे ‘तॉक्कुक’ नावाचे सूप खाल्ले की वय एका वर्षाने वाढते, अशी जुनी समजूत आहे. 28 जून 2023 पासून दक्षिण कोरियाच्या कायद्याने सरकारी आणि कायदेशीर कामांत, काही अपवाद वगळता, वय वाढदिवसाप्रमाणे मोजण्याची पद्धत लागू केली. वय ‘खाण्याचा’ वाक्प्रचार मात्र तसाच आहे.

एक काळजी अवश्य घ्या. ‘पाप मॉगॉस्सॉ?’, म्हणजे ‘जेवलास का?’, हे मित्राला आपुलकीने विचारता येते. पण आजीआजोबांना विचारताना ‘मॉक्ता’ पूर्ण बाजूला ठेवून ‘तुशिदा’ किंवा त्याहून आदरार्थी ‘चाप्सुशिदा’ हेच क्रियापद वापरावे लागते.