तिथी बघून निघा: केळशी ते हर्णै, पायी

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडली की मला दरवर्षी दापोलीचा किनारा आठवतो. केळशीहून सकाळी निघायचं, उटंबरचा डोंगर ओलांडायचा, आडे, पाडले, आंजर्ले करत संध्याकाळी हर्णैच्या बंदरात पोचायचं. सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर भरतील, पण खाड्या, वळणं, चढउतार धरून चालणं अठरा-वीसच्या घरात जातं. अख्खा दिवस लागतो. हा दिवस कसा आखायचा, ते आज सांगणार आहे.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते सुट्टी बघून. रविवार होता, पौर्णिमा होती, चांदणं मिळेल म्हणून खूश होतो. नाश्ता वगैरे उरकून नऊला निघालो. पहिला तासभर छान गेला. मग पाणी चढायला लागलं. पायाखालची घट्ट, ओली वाळू बघता बघता लाटांखाली गेली आणि आम्ही वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत आलो. तिथे प्रत्येक पाऊल घोट्यापर्यंत रुततं. उटंबरच्या पायथ्याला कातळावरून पलीकडे जाऊ म्हटलं, तर अकराच्या सुमाराला कातळच दिसेना. नुसता फेस. पाय घसरून माझं ढोपर फुटलं आणि आम्ही मागे फिरलो.

तिथे एक आजी कालवांची टोपली घेऊन घरी निघाल्या होत्या. पहाटेच्या ओहोटीला येऊन, कातळावरची कालवं फोडून त्यांचं काम केव्हाच झालं होतं. माझ्या ढोपराकडे बघून म्हणाल्या, "बाय गो, आज पुनव. दुपारला दर्या भरायचाच. तिथीची पाऊण करून निघायचं असतं."

तिथीची पाऊण! कोकणात घरोघरी ठाऊक असलेला हा हिशेब मला त्या दिवशी कळला. आजची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही नेमके त्याच वेळी कातळावर उभे होतो. वद्य पक्षातही मोजायचं प्रतिपदेपासूनच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या संध्याकाळी गावातल्या एखाद्या कोळीदादांना विचारून खात्री करून घ्यायची.

आता हाच हिशेब उलटा लावा. आपल्याला पाणी मागे हवंय भर दिवसा. म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास हवी, आणि भरती सकाळी सहाला. सहा ही कुणाची पाऊणपट? आठाची. म्हणून निघायचं अष्टमीला. सप्तमी, नवमीही चालेल. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, उधाणासारखं पाणी उसळून वर येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी खूप खोल जाते हे खरं, पण ती पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी समुद्र सुरूच्या झाडांना टेकलेला असतो.

मुक्काम आदल्या रात्री केळशीत करा. सकाळी सातला पुळणीवर या. त्या वेळी जमिनीकडून येणारे मतलई वारे अंगाला गार लागतात. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि हिवाळ्यात तो बहुधा वायव्येकडून येतो. केळशीहून दक्षिणेला चालणाऱ्याच्या तो पाठीवर येतो. हर्णैहून उलटे निघालात तर थकलेल्या वेळी तोच तोंडावर घ्यावा लागेल. म्हणून मी नेहमी केळशीहूनच निघते.

उटंबर मात्र वरूनच ओलांडा. ओहोटी असली तरी पायथ्याच्या कातळावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. माहीतगार माणूस सोबत नसेल तर तिथे उतरू नका, हे मी कळकळीने सांगते. खाडीच्या तोंडाशीही पाण्यातून वाट काढायची नाही. वरवर गुडघाभर दिसतं, पण खालचा चिखल पाय सोडत नाही. आडे आणि आंजर्ले, दोन्हीकडे पूल आहेत. थोडा वळसा पडतो, पडू दे.

पाणी माणशी तीन लिटर घ्या. समुद्राकाठी घाम वाऱ्याने लगेच वाळतो, त्यामुळे तहान उशिरा कळते. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे पुरेत. पट्ट्याच्या चपला आणि टोपी हवीच.

पाडल्याच्या पुढे एकदा थांबून पायाशी बघा. वाळूवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. पान मधोमध दुभंगलेलं, आपट्याची आठवण करून देणारं. ही मर्यादवेल. नेहमीची भरती जिथे थांबते, तिथून वर ती वाढते. समुद्राची हद्द कुठे आहे ते या वेलीवरून वाचता येतं. वेलीच्या आसपासच्या कोरड्या वाळूतच कासवांची घरटी असतात. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. उत्तरेच्या वेळासला 2002 सालापासून गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी जपायचं काम सुरू झालं, पुढे ते आंजर्ल्यातही रुजलं. आपण ओल्या वाळूवरून चाललो तर त्या घरट्यांना धक्का लागत नाही. आखलेली जागा दिसली तर लांबून जा.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची पाखाडी चढायला पाय कुरकुरतील, तरी चढा. वरून सुवर्णदुर्ग पाण्यात बसलेला दिसतो. 1755 साली तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घ्यायला पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेतली. आपलंच आरमार आपणच मोडलं, हे त्या कठड्याशी उभं राहिलं की मला दरवेळी बोचतं.

मग खाली उतरून पुलावरून हर्णै. चार-साडेचारला पोचलात तर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगलेला असेल. होड्यांतून टोपल्या उतरतात, बैलगाड्या चाकभर पाण्यात उभ्या असतात, सुरमई-पापलेटचे ढीग वाळूवर मांडलेले आणि भोवती बोलीची घाई. थोडं बाजूला बसा. पाणी हळूहळू वर सरकतं, बैल दोन पावलं मागे येतात, बायका टोपल्या उचलून पुन्हा वर मांडतात. सहाच्या सुमाराला भरती पूर्ण होईल. दापोलीची शेवटची एस.टी. किती वाजता, ते मात्र लिलाव बघायला बसण्याआधीच विचारून ठेवा.