पिंजऱ्यात दिसतो तो अर्धाच प्राणी

मगाशी एका ताईंनी विचारलं, की कुत्रा किंवा मांजर दत्तक घ्यायला निवाऱ्यात गेलं तर नेमकं बघायचं काय? मी तिथूनच सुरुवात करते.

मी बरीच वर्षं निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करते. सुट्टीच्या दिवशी लोक येतात, पिंजऱ्यांच्या रांगेतून फिरतात आणि जो कुत्रा जाळीपाशी येऊन शेपूट हलवतो त्याच्यासमोर थांबतात. भिंतीकडे तोंड करून बसलेल्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. साहजिक आहे ते. पण आज मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचंय, की पिंजऱ्यात दिसतो तो अर्धाच प्राणी असतो. उरलेला अर्धा तुमच्या घरी आल्यावर दिसतो, आणि तोही सावकाश.

जरा त्याच्या जागी बसून बघा. आपल्यापेक्षा कितीतरी तिखट नाक आणि कान, त्यात दिवसभर दहा दिशांनी भुंकणं, जंतुनाशकाचा वास, रोज नवी माणसं. अमेरिकेत निवाऱ्यातल्या कुत्र्यांचं रक्त तपासून केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. निवाऱ्यातले पहिले तीन दिवस काढणाऱ्या कुत्र्यांमध्ये ते जुन्या कुत्र्यांपेक्षा जास्त आढळलं. मांजरांवर नेदरलँड्समध्ये झालेला एक छोटा प्रयोग २०१४ साली छापून आला. मांजरं फक्त १९. काहींना लपायला खोका दिला, काहींना दिला नाही. खोकेवाली मांजरं लवकर निवळली, बाकीच्यांना त्याच पायरीवर यायला जास्त दिवस लागले. लपायला एक खोका, एवढ्यानेच फरक पडला! म्हणून मी सांगते, लपून बसलेल्या मांजराला 'माणूसघाणं' म्हणू नका. लपल्यामुळेच ते सावरत असतं.

माझ्या घरी एक बोका आला तेव्हा त्याच्या कार्डावर लिहिलं होतं, 'हात लावू देत नाही.' पेटीचं दार उघडलं तसा तो थेट कपाटामागे गेला. मी त्याच खोलीत एका बाजूला पाणी, लांब दुसऱ्या कोपऱ्यात शी-शूसाठी मातीचा ट्रे आणि कपाटाच्या कडेला खाणं ठेवलं, दिवा मालवला आणि बाहेर आले. सकाळी वाटी जशीच्या तशी होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून मी वाटीतले दाणे मोजत होते आणि डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री अंधारात दाणे फोडल्याचा कुरुम कुरुम आवाज आला. इतका गोड आवाज मी क्वचितच ऐकला असेल.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसून वाचत असे. त्याच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही. अकराव्या दिवशी तो बाहेर आला आणि पुस्तकाच्या कोपऱ्याला गाल घासून गेला. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासणं म्हणजे त्या वस्तूला आपला वास लावणं. मला हात लावायची परवानगी मिळायला आणखी महिना गेला.

निवाऱ्यांमध्ये एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस भेदरलेले, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, तीन महिन्यांनी घर आपलं वाटू लागतं. हा काही नियम नव्हे, एखाद्याला वर्षही लागतं. आणि आपण काय करतो? पहिल्याच दिवशी अंघोळ, शेजारीपाजारी बघायला, मुलांचे फोटो. मग चौथ्या दिवशी फोन येतो, 'हा खेळतच नाही हो.' तो अजून सावरत असतो, खेळणार कुठून? त्या दिवसांत कुत्रा दार उघडं दिसलं की पळतो, म्हणून पट्टा नीट बसलाय का ते रोज बघा.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. प्राण्यापेक्षा जास्त वेळ त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाशी बोला. तो कुठून आला, रात्री कसा असतो, दुसऱ्या प्राण्यांशी पटतं का, हे त्यालाच माहीत असतं. लसींचा कागद मागा. पिल्लांना दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, लसी द्याव्या लागतात. तुमच्या घरी आधी पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराने, पिल्लू गेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवं पिल्लू आणू नका, तो विषाणू कित्येक महिने जागेत टिकतो. मांजराला 'एफआयव्ही', म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, आहे म्हटल्यावर लोक मागे सरतात. तो माणसाला लागत नाही, आणि अशी मांजरं नीट काळजी घेतली तर वर्षानुवर्षं जगतात. नसबंदी झाली नसेल तर तारीख ठरवूनच घरी न्या. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, आणि साधारण ६३ दिवसांत विते.

आणि पिल्लूच हवं हा हट्ट सोडता आला तर बघा. पिल्लू पुढे कसं निघेल ते कुणी सांगू शकत नाही. सहा-सात वर्षांच्या कुत्र्याचा आकार, आवाज, स्वभाव सगळं समोर असतं. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाने दोन महिन्यांचं पिल्लू नेणं मला तर त्या पिल्लावर अन्याय वाटतो.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, सगळं करूनही नाही जमलं तर? तर परत आणा. रस्त्यावर सोडू नका, ओळखीच्या कुणाला गुपचूप देऊन टाकू नका. लाजेने खोटं कारणही सांगू नका. समजा कुत्री असेल आणि ती चावली असेल, तर कधी, कुणाला, त्या आधी काय झालं होतं, ते लिहा. आम्ही न पाहिलेला अर्धा प्राणी तुम्ही पाहिलेला असतो. दारावरची बेल वाजली की थरथरते, गाडीत उलटी करते, पाठ विंचरून घ्यायला आवडतं, पहाटे पाचला उठवते. एवढं एका कागदावर उतरवून आणलंत, तर तिच्यासाठी दुसरं घर शोधताना आम्ही त्या कागदावरूनच सुरुवात करतो.