टॉवेल मागावर चढण्याआधी

(दृश्य: अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहत, सकाळ. यंत्रमागांचा खडखडाट. एका शेडच्या कार्यालयात फोन वाजतो.)

पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन येतो. हॉटेलसाठी टॉवेल हवाय. चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजन, हाताला भरदार, पाणी चटकन टिपणारा, आणि लवकर वाळणारा. सॅम्पल आधी पाठवा, भावाचं मग बघू.

असा फोन सोलापुरात रोज कुठे ना कुठे येतो. औद्योगिक वसाहतीत येतो, तसा पूर्व भागातल्या घराला लागून असलेल्या शेडमध्येही येतो. फोन ठेवला की धावपळ सुरू. मालक डिझायनरला सांगतात. डिझायनर मागांचं काम पाहणाऱ्या मास्तरांना विचारतो, बीम कधी मोकळा होणार? बीम म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, आणि तो अडकलेला असतो. तो सुटला की सूत कमी पडतं. सॅम्पल विणून झालं की धुलाई-रंगाईच्या रांगेत उभं राहतं. एकदाचं पार्टीकडे पोचतं आणि निरोप येतो: भरदार आहे, पण वाळत नाही. दुसरं पाठवा.

मागाचा वेग वाढवून यातलं काहीच सुटत नाही. सॅम्पल विणायला फार तर एखादी पाळी लागते. बाकीचे दिवस जातात कुठे, हे शोधायला शिकवणारं एक प्रशिक्षण आज आपण पाहणार आहोत. त्याचं नाव लीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंट. नवं उत्पादन घडवताना आधी शिकायचं आणि मग ठरवायचं, ही त्याची पद्धत.

(दृश्य: प्रशिक्षणाचा वर्ग. भिंतीवर लांबलचक खाकी कागद. मालक, मास्तर, डिझायनर, धुलाईचं काम पाहणारे, हिशेब ठेवणाऱ्या ताई, सगळे कागदासमोर उभे.)

वर्गातली पहिली कामगिरी हा खाकी कागद. मागच्या एका सॅम्पलचा सगळा प्रवास यावर मांडायचा: फोन कधी आला, विणीच्या नक्षीचा ग्राफ कधी तयार झाला, सूत कधी मिळालं, कापड कधी उतरलं, कधी धुतलं गेलं. प्रत्येक कामासाठी एक चौकोन आणि दोन चौकोनांमध्ये नुसत्या थांबण्याचा वेळ. चौकोन भरायला फार वेळ लागत नाही. मधल्या जागा भरताना मात्र वर्गात आवाज चढतात, कारण इथे प्रत्येकाला आपली बाजू मांडायची असते. प्रशिक्षक त्यांना मांडू देतात. आळशी कुणीच नसतं. डिझायनरच्या टेबलावर एका वेळी बारा सॅम्पलं असतात आणि तो बाराही थोडी थोडी पुढे ढकलत असतो.

याचं गणित साधं आहे. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली ते सिद्ध करून दाखवलं. आठवड्याला दोन सॅम्पलं पुरी होत असतील आणि हातात बारा असतील, तर एका सॅम्पलला सरासरी सहा आठवडे लागणारच. माणसं कितीही धावली तरी. हातातली सॅम्पलं चारवर आणली, तर तेवढ्याच माणसांत तेच काम दोन आठवड्यांवर येतं. पार्टीला 'हो' म्हणण्याआधी हातात किती कामं आहेत ते मोजायचं, ही सवय लावून घेणं मालकांना सगळ्यात जड जातं. सोलापुरात गिऱ्हाइकाला थांबा म्हणणं सोपं नाही. समोरच्या शेडचा मालक लगेच हो म्हणायला बसलेलाच असतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रं. लाकडी हातमाग, नंतर लोखंडी स्वयंचलित माग.)

लीनच्या या विचाराचं मूळ मोटारीच्या कारखान्यात आहे असं बहुतेकांना वाटतं. त्याच्याही मागे गेलं तर आपण थेट मागाशी येऊन पोचतो. जपानमधल्या एका सुताराच्या घरी १८६७ साली साकिची टोयोडा जन्मले. आई घरी हातमागावर विणायची. तिचे कष्ट पाहून या मुलाने माग सुधारायला घेतला. त्याचं पहिलं पेटंट १८९१ सालचं, लाकडी हातमागाचं. १९२४ साली त्यांचा स्वयंचलित माग तयार झाला. तो चालता चालता धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, बदलायचा आणि धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे खराब कापड पुढे विणलं जात नसे, आणि एकच कामगार अनेक माग सांभाळू शकत असे. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. त्यानंतर साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीकडे वळला आणि १९३७ साली टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली. तिची उत्पादन पद्धत घडवणारे ताईची ओनो हेसुद्धा १९३२ साली नोकरीला लागले ते टोयोडांच्या सूत-कापड गिरणीतच. टोयोटाच्या नावाचे एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा नेणारे, माग आजही बनतात.

ज्या शहरात एकोणिसाव्या शतकापासून गिरणीचा भोंगा वाजत होता, त्या शहराला ही हकिगत परकी वाटायचं कारण नाही. आपल्याकडच्या साध्या यंत्रमागांपैकी बऱ्याच मागांवर उभा धागा तुटल्यावर माग थांबवणारी सोय आजही नसते, तिथे कामगाराचे डोळेच ते काम करतात. चूक झाली त्या क्षणी थांबायचं म्हणजे काय, हे त्या कामगाराला पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

तरीही वर्गात एक भीती असते, आणि तिच्याबद्दल उघड बोललं पाहिजे. या शहराने गिरण्या बंद पडताना पाहिल्या आहेत. 'कमी खर्चात, कमी वेळात' हे शब्द कानावर पडले की कामगाराच्या मनात पुढचे शब्द उमटतात: कमी माणसांत. हा संशय रास्त आहे. खुद्द टोयोटामध्ये १९५० साली मोठी कामगार कपात झाली, संप झाला, आणि किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. त्यानंतर तिथे कामगार आणि व्यवस्थापन यांचं नातं नव्याने बांधावं लागलं. ज्याला वाटतं की सुधारणा सुचवली तर आपलीच नोकरी जाईल, तो कशाला तोंड उघडेल? म्हणून प्रशिक्षण सुरू होण्याआधीच मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे की वाचलेला वेळ नव्या सॅम्पलांसाठी वापरला जाईल, माणूस काढायला नाही. हे बोलायची ज्याची तयारी नाही, त्याने हे प्रशिक्षण घेऊ नये.

(दृश्य: टेरी टॉवेलचा माग, जवळून. वर-खाली दोन बीम. मास्तर हाताने लूपची उंची दाखवतात.)

आता या प्रशिक्षणातला आमच्या मते सगळ्यात मोलाचा भाग. तो समजायला टॉवेल कसा विणला जातो हे पाहावं लागेल.

टेरी टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन बीम लागतात. ग्राउंडचा, म्हणजे मूळ कापडाचा, बीम घट्ट ताणलेला, पाइलचा, म्हणजे वरच्या लूपांचा, सैल सोडलेला. नेहमीच्या विणीत आडवे दोन धागे कापडाच्या कडेपासून थोडं अंतर राखून पडतात, आणि तिसरा पडला की तिन्ही एकदम ठोकले जातात. घट्ट धागे जागेवर राहतात, सैल धाग्यांचे लूप उभे राहतात. मधलं अंतर जितकं जास्त, तितका लूप उंच. लूप उंच झाला की सूत जास्त लागतं, टॉवेल जड होतो, पाणी जास्त धरतो आणि वाळायला वेळ घेतो. पार्टीला भरदारही हवं आणि वाळायलाही हवं, म्हणजे तिने दोन्ही टोकं मागितली आहेत.

आजवरची रीत अशी की मास्तरांनी अनुभवाने एक उंची ठरवायची, सॅम्पल विणायचं आणि पार्टी काय म्हणते ते पाहायचं. अंदाज चुकला की पुन्हा पहिल्यापासून. प्रशिक्षक वेगळा प्रश्न विचारतात: मास्तर, यातलं काय बदलणं महाग आहे आणि काय स्वस्त?

मास्तरांना हे पाठ असतं. बीम बदलणं महाग. नवं सूत, वार्पिंग (उभे धागे बीमवर गुंडाळणं), सायझिंग (त्यांना खळ देणं), मग हजारो टोकं मागावर जोडायची. पण लूपची उंची, इंचाला पडणारे आडवे धागे, आडव्या सुताची जाडी हे सगळं त्याच बीमवर थोड्या वेळात बदलता येतं. तर मग एकच सॅम्पल का? बीम चढलेलाच आहे, तर त्यावर तीन उंची आणि आडव्या धाग्यांच्या तीन घनता मिळून नऊ पट्ट्या विणून काढू. प्रत्येक पट्टीच्या कडेला खुणेचा रंगीत धागा घालू. नऊही एकदमच धुऊ. पाण्याचा हिशेब सोलापूरकराला वेगळा समजवायला नको.

(दृश्य: टेबलावर नऊ पट्ट्या, वजनकाटा, पाण्याचं भांडं, घड्याळ.)

मग मोजणी. धुण्याआधीचं वजन, धुतल्यानंतरचं वजन. धुतल्यावर कापड आटतं, क्षेत्रफळ कमी होतं, त्यामुळे मागावर मोजलेलं वजन पार्टीच्या हातात तेच राहत नाही. कोरं कापड तर पाणी नीट पितच नाही, कारण कापसातलं नैसर्गिक मेण आणि सायझिंगची खळ निघालेली नसते. म्हणून मोजायचं ते पुरी प्रक्रिया झालेलं कापड. पाणी किती चटकन टिपतो ते पाहायला पट्टीचा तुकडा पाण्यावर टाकायचा आणि बुडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. हात मऊ लागावा म्हणून सिलिकॉनचं सॉफ्टनर जास्त घातलं, तर हे सेकंद वाढतात. शेवटी ओल्या पट्टीचं वजन दर पंधरा मिनिटांनी करत वाळण्याचा वेग काढायचा.

टॉवेल वाळवायचा कुठे, यावरूनही शिकण्यासारखं आहे. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात कुठलाही टॉवेल वाळतो. पार्टीचं हॉटेल कोकणात असेल, पाऊस चार महिने, आणि तिथली लाँड्री यंत्रात टॉवेल वाळवत असेल, तर तिच्यासाठी वाळण्याचा वेळ म्हणजे विजेचं बिल. शेडच्या गच्चीवरची परीक्षा तिथे कामाची नाही. म्हणून डिझायनरने एकदा तरी हॉटेलच्या लाँड्रीत जाऊन उभं राहावं, असा प्रशिक्षकांचा आग्रह असतो. कापड जिथे वापरलं जातं तिथे जाऊन डोळ्यांनी पाहायचं, फोनवर ऐकून ठरवायचं नाही.

नऊ पट्ट्यांचे आकडे एका आलेखावर मांडले जातात. आडव्या रेषेवर वजन, उभ्या रेषेवर वाळण्याचा वेळ. मास्तरांनी आयुष्यभर बोटांनी जोखलेलं पहिल्यांदा कागदावर उतरतं. पुढच्या वेळी पार्टीचा फोन आला की मालक त्या आलेखाकडे पाहून फोनवरच सांगू शकतात: साडेचारशेला वाळायला इतका वेळ लागेल, त्याहून लवकर हवं असेल तर चारशेवर या. अनेक पर्याय एकदम तपासायचे, जे जमत नाहीत ते पुराव्यानिशी गाळायचे आणि निर्णय शक्य तितका उशिरा पक्का करायचा, या रीतीचा टोयोटाच्या मोटारी घडवण्यात मोठा हात आहे. त्याआधीही ही वाट कुणी चाललंच नव्हतं असं नाही. राइट बंधूंनी १९०१ साली घरच्या घरी वाऱ्याचा बोगदा बनवून पंखांचे जवळपास २०० आकार तपासले, आणि १९०३ च्या डिसेंबरात त्यांचं विमान उडालं.

आणखी एक गोष्ट या आलेखाने साधते. आज मास्तरांनी शेड बदलली की त्यांच्याबरोबर सगळं ज्ञान जातं आणि नवा माणूस पहिल्यापासून चुकत शिकतो. आलेख शेडमध्ये राहतो. त्याच्या खाली मास्तरांचं नाव लिहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. ते ज्ञान त्यांचं आहे.

(दृश्य: एका कारखान्यातली भिंत. रंगीत चिठ्ठ्या, बारा आठवड्यांचे रकाने. माणसं उभ्यानेच बोलत आहेत.)

बाकीची साधनं थोडक्यात. अडचण, कारणं, उपाय आणि पुढची तपासणी एकाच ए-३ कागदावर, म्हणजे नेहमीच्या ए-४ च्या दुप्पट कागदावर, मांडायची, म्हणजे बोलणं भरकटत नाही. दुसरं साधन ही भिंत. टोयोटाची प्रियस ही गाडी १९९७ च्या डिसेंबरात विक्रीला आली. तिचे मुख्य अभियंता ताकेशी उचियामादा यांनी वेगवेगळ्या विभागांच्या जाणकारांना एका मोठ्या खोलीत एकत्र आणलं आणि सगळी माहिती भिंतींवर लावली. सोलापूरच्या शेडमध्ये वेगळी खोली कुठली मिळायला! कार्यालयाची एक भिंत पुरते. आठवड्यातून एकदा सगळे तिच्यासमोर उभे राहतात आणि कुणाचं काम कुणामुळे अडलंय ते तिथल्या तिथे सुटतं.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांना ही भिंत जास्तच उपयोगी पडेल. शाळा जूनमध्ये उघडतात आणि ती तारीख कुणासाठी हलत नाही. कापडाचा रंग, खिशावरचं चिन्ह, मापांचे संच यांतलं काय आधी पक्कं व्हायलाच हवं आणि काय शेवटपर्यंत मोकळं ठेवता येतं, हे वेगळं काढलं तर एप्रिल-मेमधली रात्रपाळीची ओढाताण पुष्कळ कमी होईल.

प्रशिक्षण घ्यायचं तर कुठलं, हे मालक सगळ्यात जास्त विचारतात. दोन दिवस पडद्यावर चित्रं दाखवून प्रमाणपत्र हातात देणारे वर्ग बरेच आहेत. त्यातून शेडमध्ये काही बदलत नाही. आपल्याच शेडमधलं एक चालू काम हाती घेऊन, काही महिने दर थोड्या दिवसांनी येऊन तपासणारा प्रशिक्षक हवा. खर्चाची अडचण असेल तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेली लीन योजना आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्यांसाठी तिचे बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन टप्पे आहेत, आणि सल्लागाराच्या शुल्कातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. योजनेचा भर उत्पादनावर आहे. म्हणून सल्लागाराला पहिल्याच भेटीत सांगावं: माग नंतर पाहू, आधी आमच्या सॅम्पलांची रांग पाहा.

(दृश्य: पुन्हा वर्ग. टेबलावर जॅकार्ड चादरी, गडद लाल आणि हिरव्या.)

या तुकडीचा पुढचा प्रयोग चादरीवर ठरला आहे. गडद रंगाच्या सुतांचा पक्केपणा, किती धुण्यांनंतर कुठला रंग किती उतरतो, आणि रंगाईचा खर्च किती वाढवला की तो थांबतो. सूत तीन शेड मिळून देणार आहेत, धुण्याच्या नोंदी हिशेब पाहणाऱ्या ताई ठेवणार आहेत. आलेख तिन्ही शेडमध्ये लावायचा की ज्याने त्याने आपापला करायचा, यावर आज दुपारी बोलणं व्हायचं आहे.