शून्य कुठून धरायचा?

[दृश्य: धरमतर खाडीच्या कडेचा मातीचा बांध. ओहोटी. उघाडीतून पाणी खाडीकडे निघालंय.]

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये हा बांध, आणि बांधात ही उघाडी, म्हणजे झडपेचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच्या दाबानं झडप आपोआप मिटते. फटीत एखादा ओंडका अडकला की खारं पाणी थेट शेतात. खेकड्यांच्या बिळांतून पाझर लागला तर पुढच्या एखाद्या उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, बांधाला खांड (भगदाड) पडते.

समुद्राची पातळी चढत गेली तर हा बांध किती पुरेल? कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फील्डवर जाऊन हे शोधायचं, तर एक विषय पुरत नाही. बांध सिव्हिलवाले मोजतात, भरती सागरविज्ञानवाले, मीठ मृदाशास्त्रवाले. डागडुजी कोणाच्या गळ्यात, हे कायदा आणि इतिहासवाल्यांना विचारायचं. दापोलीचं कृषी विद्यापीठ, पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ. माणसं आहेत, अंतरही फार नाही. घोळ होतो आकड्यांत.

[दृश्य: भरतीचं कोष्टक. शेजारी मोजणीची वही.]

कोष्टकात उधाणाची भरती समजा ४.८ मीटर. वहीत बांधाचा माथा ३ मीटर. सरळ वजाबाकी केली तर बांध १.८ मीटर पाण्याखाली. प्रत्यक्षात त्यावर गुरं चरतायत. कोष्टकातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासून धरलेली. जमिनीची मोजणी समुद्राच्या सरासरी पातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर. म्हणजे वहीच्या हिशोबात ती भरती २.३ मीटर, आणि बांध ०.७ मीटर शिल्लक.

डीजीपीएसचा, म्हणजे उपग्रहांवरून उंची काढणाऱ्या यंत्राचा, शून्य तिसराच: पृथ्वीच्या गणिती लंबगोलाचा. त्याची कच्ची उंची वहीत उतरवली तर इथलं शेत उणे साठ-पासष्ट मीटरवर दिसतं. ही चूक निदान डोळ्यांत भरते. अडीच मीटरची मात्र अहवालात खपून जाते.

म्हणून पहिलं काम: उघाडीजवळच्या पक्क्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लावायची आणि लेव्हलिंग करून तिचा शून्य सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कशी (उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेशी) जोडायचा. मग उधाणाच्या दिवशी सलग साडेबारा तास, दर पंधरा मिनिटांनी वाचन. बंदरातली भरती खाडीच्या आत वेळेलाही जुळत नाही, उंचीलाही नाही.

दिवस कुठला, वेळ कुठली? गावात तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीनला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. या ठोकताळ्यात ४५ धरलीत. हे उदाहरण गणिताच्या पुस्तकात का नसतं, देव जाणे. कॉलेजचा शनिवार मात्र उधाणाला विचारून येत नाही, तेव्हा फील्डचं वेळापत्रक पंचांग पाहूनच लावावं लागतं.

[दृश्य: भेगाळलेलं शेत, वर मिठाची पांढरी खपली. बीकर, ईसी मीटर (विद्युतवाहकतेवरून खारटपणा मोजणारा).]

मातीचे नमुने मे महिन्यात, पावसाआधी. तेव्हा बाष्पीभवनानं मीठ वर आलेलं असतं. शून्य ते १५ सेंटिमीटरचा एक नमुना, १५ ते ३० चा दुसरा. मीटर आधी १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या द्रावणावर जुळवायचा, २५ अंशांना. आणि इथे पुन्हा तोच घोळ: एक गट मातीच्या दुप्पट पाणी घालतो, दुसरा अडीचपट, तिसरा संपृक्त लगद्याचा अर्क काढतो. संपृक्त अर्कात साधारण ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे भाताचं उत्पन्न घटू लागतं. पातळ अर्कात तीच माती बरीच कमी आकडा दाखवते, आणि खारं शेत कागदावर गोडं होतं.

मे म्हणजे परीक्षा आणि सुट्टी. नमुने जुलैवर ढकलले तर मीठ धुऊन गेलेलं असतं, कारण शेतकरी पहिल्या पावसाचं पाणी कोंडून, मीठ विरघळवून ते ओहोटीला उघाडीतून सोडतो आणि मग मोड आलेलं बी फेकतो. या पेरणीला रहू म्हणतात. अभ्यासक्रमाचे क्रेडिट दोन सत्रांत विभागले नाहीत, तर हे सगळं विद्यार्थ्यांना दिसतच नाही.

[दृश्य: जुनी खांड. आत तिवरांचं रान.]

असे बांध बांधण्या-राखण्यासाठीचा खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा. तरी ही खांड बुजली नाही, आत तिवरं माजली, आता ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वनस्पतीशास्त्राचा गट हे शेत ‘वाढलेलं जंगल’ म्हणून लिहितो, कृषीचा ‘गेलेलं शेत’ म्हणून. कुठल्या रकान्यात टाकायचं, हे बांधावर पाय ठेवण्याआधी ठरवायला हवं. सातबाऱ्यावर बरेचदा तिथे अजून भातच असतो.