कठडा आधी, पायऱ्या नंतर

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'अनेक लँडिंगचे जिने आणि रेलिंग : रेव्हिटमधली मांडणी'. रेव्हिट म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, त्याकडे येतोच. त्याआधी मला एका आजींबद्दल बोलायचंय, कारण त्यांच्यामुळे माझी जिना काढायची पद्धत बदलली.

सांगलीजवळची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही. ड्रॉइंग आमच्याच ऑफिसचं. लोक राहायला आल्यावर काही महिन्यांनी गच्चीच्या गळतीची तक्रार आली म्हणून बघायला गेलो. वर चढतोय तर समोरून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उतरत होत्या. हात हँडरेलवर, पाऊल सावकाश. फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांची एक सलग रांग, संपून लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट भाग, आलं की थांबायच्या, हात उचलायचा, खाली हवेत चाचपायचा, पाइप सापडला की पुन्हा धरायचा, मग पुढची पायरी. तिसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत अशी पाच वळणं. मी विचारलं, "आजी, गुडघे दुखतात का?" तर म्हणाल्या, "गुडघं बरं हायत बाळा, ह्यो तुमचा कठडा मधीच हात सोडतोय."

गळती राहिली बाजूला. मी तिथंच पायरीवर बसलो आणि टेप लावला. खालच्या फ्लाइटचा हँडरेल जिथं संपतो आणि वरच्या फ्लाइटचा जिथं सुरू होतो, त्यांच्या उंचीत 150 मिलिमीटरचा फरक! मध्ये पाइपचा एक उभा तुकडा. वेल्डिंगचा गोळा नीट घासलेलाही नव्हता, बोटाला टोचत होता. फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दोन पाइप एकमेकांना मिळतच नव्हते, मग जोड मारला." त्याचं काय चुकलं? त्याला आम्ही जिना दिला होता तसाच त्यानं कठडा बसवला. ऑफिसात येऊन मॉडेल उघडलं, तर थ्रीडी व्ह्यूमध्ये तो उभा झटका पाचही वळणांवर दिसत होता. आम्ही प्लॅन छापला, सेक्शन छापला, वळण जवळ जाऊन कुणी पाहिलंच नव्हतं. इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या मॉडेलमध्ये लँडिंगवरचा हँडरेल झूम करून पाहिलाय? हात वर करा बरं. चार. पाच. चला, पाच जण तरी आहेत.

आता असं का होतं ते फळ्यावर काढतो. मजल्याची उंची 3000 मिलिमीटर धरा, पुढचे आकडेही मिलिमीटरमध्येच. 150 चे 20 रायझर, म्हणजे पायरीची उभी उंची, दहा-दहाच्या दोन फ्लाइट, आणि ट्रेड, म्हणजे पाऊल ठेवायची रुंदी, 300. दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे 600, चालायला सोपा जिना. सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लाँदेलनं माणसाच्या पावलावरून हे गणित मांडलं, आजही आपण तेच वापरतो. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घरांना 190 चा रायझर आणि 250 चा ट्रेड इथपर्यंत सूट देते, पण सूट आहे म्हणून ती घेतलीच पाहिजे असं नाही.

तर डॉग-लेग जिना, म्हणजे लँडिंगवर उलटा वळून वर जाणारा. आपण सवयीनं काय करतो? खालच्या फ्लाइटचा शेवटचा रायझर आणि वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर प्लॅनमध्ये एका रेषेत ठेवतो. प्लॅन सुबक दिसतो. पण पायऱ्यांच्या कडांवरून लाइनदोरी ताणून बघा. लँडिंगच्या कडेला खालची दोरी लँडिंगच्या पातळीवर येते, वरच्या फ्लाइटची दोरी त्याच ठिकाणी एक रायझर वर असते. हँडरेल दोरीला समांतर जातो, म्हणून तोही 150 नं तुटतो. आता वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर लँडिंगपासून एक ट्रेड, म्हणजे 300, मागे घ्या. दोन्ही दोऱ्या कडेवर एकाच उंचीला भेटतात! आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की दोन्ही फ्लाइट सारख्या असतील तर वर मजल्याच्या लँडिंगवरही हिशेब आपोआप जुळतो. जिन्याच्या खोलीची लांबी एकूण 300 नं वाढते, बस्स. बिल्डरशी त्या 300 साठी भांडायची माझी तयारी असते.

कोकणातल्या घरात माळ्यावर जाणारा उभा लाकडी जिना पाहिलाय ना? वर तुळईला एक दोर बांधलेला असतो. कठडा नाही, पण हाताची सोय आहे. गाठी मारलेला, हात लागून लागून गुळगुळीत झालेला दोर. ज्यानं तो टांगला त्यानं चढणाऱ्याचा हात कुठं जाईल हे आधी बघितलं होतं. आमच्या घरी…

आयोजकांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. मग रेव्हिट भराभर सांगतो, लिहून घ्या.

2013 च्या आवृत्तीपासून जिना रन (म्हणजे आपली फ्लाइट), लँडिंग आणि सपोर्ट (आधार) अशा भागांनी बनतो. पहिला रन काढा, दुसरा काढताना तो एक ट्रेड मागून सुरू करा, लँडिंग आपोआप जोडलं जाईल. सगळे मजले एकदम करू नका. एका मजल्याचा जिना आणि त्याचं रेलिंग पक्कं करा, मगच 'सिलेक्ट लेव्हल्स' या कमांडनं तोच जिना वरच्या मजल्यांवर चढवा. ही सोय 2018 पासून आहे. सारख्या उंचीचे मजले एका गटात राहतात, एकात केलेला बदल सगळ्यांत जातो. तळमजल्याची उंची वेगळी असेल तर त्याची वळणं स्वतंत्र तपासा.

रेलिंग आपोआप आलं तरी 'एडिट पाथ'मध्ये, म्हणजे रेलिंगची रेषा बदलायच्या जागी, जा. उतार जिथं सुरू होतो आणि जिथं संपतो, बरोबर त्या रायझरवर रेषा स्प्लिट, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन तुकड्यांत विभागलेली, हवी. ती चुकली की पाइप पायरीत घुसतो किंवा तरंगतो. पाथ सलग एकच असावा, मध्ये फट असलेल्या रेषा चालत नाहीत, दुसऱ्या बाजूला दुसरं रेलिंग. जागाच नसेल आणि रायझर सरकवता येत नसेल, तर विहिरीकडचा, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या मोकळ्या जागेकडचा, कठडा लँडिंगमध्ये अर्धा ट्रेड, म्हणजे 150, पुढे न्या. चढ तसाच चालू ठेवला की दोन्ही हँडरेल तिथं भेटतात. पण लँडिंगची रुंदी मग त्या टोकापासून मोजायची, हे विसरू नका.

शेवटचं. वळणाचा सेक्शन 1:10 ला वेगळा काढून फॅब्रिकेटरच्या हातात द्या, पाइपच्या मध्यरेषेच्या उंचीसकट. वेळ झाली. लॅपटॉप इथंच उघडा ठेवतो, पेनड्राइव्ह असेल त्यांनी पुढे या, दोन्ही जिन्यांची फाइल देतो, तुटलेल्याची आणि जुळलेल्याची.