शिरापूरच्या उंबऱ्यावरची चोपडी

(दृश्य : काळं रान, भेगा, बैलजोडी)

ही भेग बघा. कोपरापर्यंत हात आत जातो. पाऊस परतला की इथली, सोलापूरची, रब्बी ज्वारी जगते ती मातीत मुरलेल्या ओलीवर, आणि ती ओल अशा भेगांतूनच उडून जाते. म्हणून पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरतं, भुसभुशीत मातीनं भेग बुजते. एक कोळपणी, अर्धं पाणी.

ओल राखायची कशी, हे मोजून बघायला १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. त्याच मालिकेत विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक. तेव्हा विजापूर आपल्यासारखंच मुंबई इलाख्यात, रायचूर निजामाकडे, हगरी मद्रास इलाख्यात, रोहतक पंजाबात. सरकारं निराळी, दुखणं एकच. पुढे १९७० मध्ये कॅनडाच्या सहकार्यानं कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला. त्यातही सोलापूर आहेच.

(दृश्य : शिरापूर, पार, घरांचे उंबरे)

मोहोळ तालुक्यातलं शिरापूर. बहात्तरच्या दुष्काळाच्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. १९७५ मध्ये तिनं अभ्यासासाठी सहा गावं निवडली. त्यातली दोन आपली, शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. प्रत्येक गावात ४० घरं : १० शेतमजुरांची, ३० शेतकऱ्यांची. पाहणी करणारा माणूस गावातच मुक्कामाला. दर तीन-चार आठवड्यांनी तो उंबऱ्याशी येऊन बसायचा. कुठल्या तुकड्यात काय पेरलं? बैल किती दिवस लागले? बाईला रोज किती मिळाला? उसनं कुणाकडून आणलं? शिरापुरात असं दहा वर्षं चाललं. प्रयोगशाळेइतकंच, आम्ही तर म्हणू काकणभर जास्तच, संशोधन या उंबऱ्यांवर झालं.

या नोंदी जगभर गेल्या. १९९४ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, अकोल्याचं कानझरा आणि महबूबनगरचं औरेपल्ली यांचे आकडे तपासले. त्यांना दिसलं ते असं : एखाद्या घराचं पीक बुडालं तरी त्या घरातलं खाणं-पिणं तेवढ्या मानानं घटत नाही. ते बरंचसं गावाच्या सरासरीबरोबर वर-खाली होतं. इथल्या आजीला विचारलं असतं तर तिनंही हेच सांगितलं असतं. फक्त तिच्याकडे चोपडी नव्हती.

२००१ मध्ये याच गावांत पुन्हा नोंदी सुरू झाल्या. दरम्यान उजनीचं पाणी जिल्ह्यात फिरलं आणि ज्वारीच्या रानांत ऊस शिरला.

(दृश्य : ज्वारीची काढणी)

ही मालदांडी. एम ३५-१ हे वाण मोहोळच्याच केंद्रात निवडलेलं. धान्य माणसाला, कडबा जनावराला. बांधापलीकडे दिसतोय तो ऊस.

(निवेदन थांबतं. कणसं मोडण्याचा आवाज.)